उंबरठा, वजन आणि हातचा

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात अशी प्रथा आहे. वसतिगृहातील पहाटे, गुरुजनांची शिस्त, भोजनगृहातील रांगा, हे सारे आम्हालाही आठवते आणि या अंकात इतर अनेकांनी ते आमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडले असेल याची खात्री आहे. आम्ही चौघे मात्र एका यंत्राविषयी लिहीत आहोत. शाळेच्या विज्ञानकक्षात, खिडकीलगतच्या टेबलावर, काचेचे झाकण असलेली एक लाकडी पेटी ठेवलेली आहे. तिच्यात बारा ट्रान्झिस्टर, काही दिवे आणि पन्नासाहून अधिक रोधक आहेत. दोन चार-अंकी द्विमान संख्यांची बेरीज करणे, एवढेच तिचे काम. खिशातला साधा कॅल्क्युलेटर हे काम सहज करतो. मग ही पेटी कशासाठी बांधली, असा प्रश्न पालक मेळाव्यात एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला विचारला होता. त्या वेळी दोन वाक्यांत दिलेले उत्तर अपुरे होते. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही पेटी ज्या तत्त्वावर चालते त्याला इंग्रजीत ‘थ्रेशोल्ड लॉजिक’ म्हणतात. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आपल्या घरांत हा शब्द रोजचा आहे आणि आपल्या समाजाच्या इतिहासात तो फार जड आहे. कोणाला कोणत्या उंबरठ्याच्या आत येता येईल, हे ठरवण्यात या देशाने शतके घालवली. यंत्रातील उंबरठा त्या मानाने निर्मळ असतो. तेथे तो एक आकडा असतो. गेटाच्या दारात काही संदेश येतात. प्रत्येक संदेश ‘आहे’ किंवा ‘नाही’, म्हणजे १ किंवा ० असतो. प्रत्येक संदेशाला काही वजन दिलेले असते. आलेल्या सर्व ‘आहे’ संदेशांच्या वजनांची बेरीज उंबरठ्याच्या आकड्याएवढी किंवा त्याहून अधिक झाली, की गेट १ सांगते. न झाल्यास ० सांगते. मराठीत आपण ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असे म्हणतोच. या गेटाने ते बोलणे अक्षरशः खरे केले आहे.

उदाहरण म्हणून तीन माणसांची एक समिती घ्यावी. तिघांच्या शब्दाला सारखेच, म्हणजे एक-एक वजन आहे. उंबरठा एक ठेवला, तर कोणीही एकाने हात वर करताच ठराव मंजूर होईल. उंबरठा दोन ठेवला, तर बहुमत लागेल. उंबरठा तीन ठेवला, तर एकमत झाल्याविना काहीही होणार नाही. माणसे तीच, त्यांचे हातही तेच. बदलला तो केवळ आकडा. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘किंवा’ गेट आणि ‘आणि’ गेट अशी दोन वेगळी चिन्हे काढून शिकवतात. उंबरठ्याच्या भाषेत ती एकाच गेटाची दोन टोके आहेत आणि बहुमत त्यांच्या मध्ये उभे आहे. आता वजनेही बदलून पाहावीत. एकाला तीन वजन आणि उरलेल्या दोघांना एक-एक वजन दिले व उंबरठा तीन ठेवला, तर समिती नावालाच उरते. पहिल्याने हात वर केला की मंजूर, न केला की नामंजूर, उरलेल्या दोघांनी मिळून काहीही केले तरी बेरीज दोनच्या पुढे जात नाही. अशी समिती आपल्यापैकी अनेकांनी गावात, संस्थेत किंवा घरातच पाहिली असेल.

या गेटांनी बेरीज कशी होते, हे समजावून सांगण्यासाठी आम्ही आठवीच्या मुलामुलींना शाळेच्या पटांगणात उभे केले होते. द्विमान पद्धतीत अंक दोनच, शून्य आणि एक. त्यामुळे एक अधिक एक केले की त्या घरात शून्य राहते आणि एक हातचा पुढच्या घरात जातो. प्रत्येक घरात तीन गोष्टी एकत्र येतात: पहिल्या संख्येचा अंक, दुसऱ्या संख्येचा अंक आणि मागच्या घराकडून आलेला हातचा. हातचा केव्हा निघतो? तिघांपैकी किमान दोन ‘एक’ असतील तेव्हा. म्हणजे हातचा हे शुद्ध बहुमत आहे, उंबरठा दोन. हे वाक्य उच्चारताच पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने ‘मग दुसरीपासून आम्ही मतदानच करत होतो की,’ असे म्हटले. तिने आमचे काम सोपे केले.

घरात उरणारा अंक काढणे थोडे अवघड आहे. तिघांपैकी एकच हात वर असेल तर १ उरतो, दोन असतील तर ०, तिन्ही असतील तर पुन्हा १. हात वाढत जातात, पण उत्तर वर-खाली होते. असे उत्तर एका उंबरठ्याने मिळू शकत नाही, कारण उंबरठा एकदा ओलांडला की अधिक हातांनी मागे परतता येत नाही. उपाय असा की, हातचा निघाला नसेल तर तो ‘न निघणे’ हाच चौथा संदेश मानावा, त्याला दोन वजन द्यावे आणि उंबरठा तीन ठेवावा. एक हात वर असेल तर एक अधिक दोन, तीन झाले, उत्तर १. दोन हात वर असतील तर हातचा निघून गेलेला असतो, म्हणून दोनच राहिले, उत्तर ०. तिन्ही हात वर असतील तर तीन झाले, उत्तर १. कोणीच हात वर केला नाही तर फक्त दोन, उत्तर ०. अशा रीतीने एका घराची संपूर्ण बेरीज दोन उंबरठा-गेटांत होते. ‘आणि’, ‘किंवा’ अशा नेहमीच्या गेटांनी तेच काम करायचे तर साधारणतः पाच गेटे लागतात.

पटांगणात आम्ही पाच आणि तीन यांची बेरीज केली. पाच म्हणजे ०१०१ आणि तीन म्हणजे ००११. उजवीकडच्या घरात दोन हात वर झाले, हातचा निघाला. त्या हातच्यामुळे दुसऱ्या घरात दोन झाले, तेथूनही हातचा निघाला. तिसऱ्या घरातही तेच घडले. शेवटी चौथ्या घरात कोणाचाही हात वर नसताना तो हातचा येऊन पोहोचला आणि उत्तर उभे राहिले, १०००, म्हणजे आठ. मुलांना आवडली ती हातचा रांगेतून सरकत जाण्याची गंमत. आमच्या मनात राहिला तो चौथ्या घरातला विद्यार्थी. त्याच्या स्वतःच्या घरात काहीच नव्हते; मागच्यांनी पाठवलेल्या हातच्यावर त्याच्या घरी १ उजाडला. निवासी शाळेत शिकलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

संगणकाच्या इतिहासात ही कल्पना अगदी आरंभापासून आहे. १९४३ साली वॉरन मॅककुलक आणि वॉल्टर पिट्स या दोन अमेरिकी संशोधकांनी मेंदूतील पेशीचे गणिती रूप मांडले. पेशीकडे अनेक संदेश येतात, ते ठरावीक उंबरठ्यापर्यंत पोहोचले की पेशी स्वतः संदेश पाठवते, असे ते रूप होते. दोन वर्षांनी, जून १९४५ मध्ये, जॉन फॉन नॉयमन यांनी ‘एडव्हॅक’ या नियोजित संगणकाचा आराखडा लिहिला. आज्ञा आणि आकडेमोड एकाच स्मृतीत ठेवणाऱ्या यंत्राचे ते सुरुवातीचे प्रसिद्ध वर्णन. त्या आराखड्यात निर्वात नळ्यांच्या जोडण्या दाखवलेल्या नाहीत. फॉन नॉयमन यांनी मॅककुलक-पिट्स यांच्या पेशींसारखे घटक काढले, त्यांवर उंबरठ्याचे आकडे लिहिले आणि त्यांतूनच बेरीज करणारा भाग रचून दाखवला. आमच्या मुलांनी पटांगणात केला तो हिशेब या जगाला नवा नव्हता, हे कळल्यावर त्यांना वाईट वाटण्याऐवजी अभिमानच वाटला.

प्रत्यक्ष यंत्र मात्र या रीतीने उभे राहिले ते मुख्यतः जपानात, आणि त्यामागचे कारण गरिबी हे होते. युद्धानंतरच्या जपानात निर्वात नळ्या महाग होत्या, त्या लवकर जळत आणि त्या काळचे ट्रान्झिस्टर महाग असून बेभरवशाचे होते. १९५४ साली तोक्यो विद्यापीठात हिदेतोशी ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या एइची गोतो या विद्यार्थ्याने स्वस्त फेराइटच्या छोट्या कड्या, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि धारित्र एवढ्यावर चालणारा एक घटक शोधला. त्याला ‘पॅरामेट्रॉन’ असे नाव मिळाले. झोपाळ्यावर उभे राहून योग्य वेळी उठबस करत गेले की झोका आपोआप वाढतो, हे आपण सर्वांनी केलेले आहे. एका पूर्ण झोक्यात दोनदा उठबस होते. पॅरामेट्रॉनमध्येही दुप्पट वारंवारतेचा विद्युतप्रवाह हीच उठबस करतो आणि मंडलात आंदोलन सुरू होते. हे आंदोलन दोनच प्रकारे लयीत बसू शकते. एक प्रकार दुसऱ्याच्या नेमका उलटा. एकाला शून्य म्हणावे, दुसऱ्याला एक. आंदोलन सुरू होण्याच्या क्षणी शेजारच्या तीन पॅरामेट्रॉनांकडून जे क्षीण संकेत येतात त्यांची बेरीज ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूची लय तो धरतो. म्हणजे प्रत्येक पॅरामेट्रॉन हा बहुमताचा घटक. तीनपैकी एक संकेत कायमचा शून्य ठेवला की ‘आणि’ तयार होते, कायमचा एक ठेवला की ‘किंवा’. नकार हवा असेल तर तार कडीतून उलट्या दिशेने ओवायची. त्यासाठी वेगळा भाग लागत नाही.

या घटकांवर १९५७ साली जपानच्या तार-दूरध्वनी महामंडळाच्या संशोधन प्रयोगशाळेत ‘मुसाशिनो-१’ हा संगणक चालू झाला. त्यात पाच हजारांहून अधिक पॅरामेट्रॉन होते. सबुरो मुरोगा त्याच्या प्रमुख रचनाकारांपैकी होते आणि पुढे उंबरठा-तर्कावरील त्यांचा ग्रंथ या विषयाचा आधार मानला गेला. मार्च १९५८ मध्ये तोक्यो विद्यापीठात ताकाहाशी आणि गोतो यांचा ‘पीसी-१’ पूर्ण झाला. एका विद्यार्थ्याच्या कल्पनेतून चार वर्षांत चालता संगणक उभा राहिला, तोही इतरांनी दुय्यम मानलेल्या स्वस्त वस्तूंतून. साधनांची वाण असलेल्या ठिकाणीही नवी वाट निघते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

याच काळात आपल्या राज्यातही संगणक बांधला जात होता. मुंबईत होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांचा एक गट हे काम करत होता. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र झाले आणि १९६० साली पूर्ण आकाराचे यंत्र कामाला लागले. १९६२ च्या जानेवारीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची तर्कमंडले उंबरठ्याच्या पद्धतीची नव्हती. ती डायोड आणि नळ्यांची होती. पण त्याची स्मृती ज्या रीतीने चाले, तिच्या मुळाशी उंबरठाच होता, आणि हा भाग सोलापूरच्या माणसाला इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल.

टिफ्रॅकची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. गुणाकार केला तर ८१,९२० अंक होतात. प्रत्येक अंकासाठी फेराइटची एक बारीक कडी, अशी ती चुंबकीय स्मृती. या कड्या तारांच्या जाळ्यात ओवलेल्या असत, काही तारा उभ्या, काही आडव्या, आणि प्रत्येक छेदावर एक कडी. उभा ताणा आणि आडवा बाणा, हे आपल्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या हातांनी केलेले काम. आता हव्या त्या एकाच कडीपर्यंत कसे पोहोचायचे? कडीचे चुंबकत्व उलटवण्यास जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या निम्मा प्रवाह एका उभ्या तारेतून आणि निम्मा एका आडव्या तारेतून सोडायचा. त्या उभ्या तारेवरच्या सगळ्या कड्यांना अर्धा प्रवाह मिळतो, आडव्या तारेवरच्यांनाही अर्धाच. त्या जागच्या हलत नाहीत. जिथे दोन्ही तारा एकमेकींना छेदतात, तेथील कडीला मात्र दोन्ही अर्धे मिळून पूर्ण प्रवाह मिळतो आणि ती एकटीच उलटते. उंबरठा दोन, वजने एक-एक. हजारो कड्यांतून एक निवडण्यासाठी प्रत्येक कडीला वेगळी तार लागत नाही, याचे सारे श्रेय त्या उंबरठ्याला आहे.

आमच्यापैकी दोघांचे वडील यंत्रमागावर काम करत. एकाच्या घराजवळच्या कारखान्यात जेकार्ड लावलेले माग होते. सोलापुरी चादरीवर फूल, मोर किंवा अक्षर कुठे उमटावे, हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर ठरते. भोक असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ही युक्ती पुढे संगणकाच्या छिद्रपत्रांची पूर्वज ठरली. आपल्या वडिलांच्या मागावर शून्य आणि एक यांचे राज्य होते, हे आम्हाला शाळेत असताना कोणी सांगितले असते, तर विज्ञान ही दूरच्या शहरातील वस्तू आहे असे वाटले नसते. हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

आता आमच्या पेटीकडे वळू. हातच्याच्या गेटात तीन सारखे रोधक आहेत, प्रत्येकी दहा हजार ओहमचा. तिघे एका बिंदूवर एकत्र येतात आणि तो बिंदू ट्रान्झिस्टरच्या पायाला जोडलेला आहे. त्याच बिंदूपासून जमिनीकडे जाणारा आणखी एक रोधक आहे. उंबरठा ठरवणारा तोच. तो एक हजार ओहमचा ठेवला, तर पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर हिशेबाने असे निघते की, एकच संदेश आला असता बिंदूवर ०.३८ व्होल्ट येतात आणि दोन आले असता ०.७७. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान जागा होतो. म्हणजे एकाने झोपलेलाच राहतो, दोघांनी उठतो. या रोधकाच्या जागी आम्ही फिरवता येणारी खुंटी बसवली आहे. खुंटी तीन हजारांच्या पुढे नेली की कोणताही एक संदेश पुरतो. एक हजारावर आणली की बहुमत लागते. सहाशेच्या आसपास आणली की तिन्ही लागतात. विद्यार्थी ती फिरवून पाहतात. तारा तशाच राहतात, समोरच्या दिव्याचे वर्तन मात्र बदलते.

दुसरे गेट, म्हणजे उरलेला अंक काढणारे, आम्हाला अधिक शिकवून गेले. त्यात दोन आणि तीन यांच्यात फरक करायचा असतो. एक आणि दोन यांत दुपटीचे अंतर आहे. दोन आणि तीन यांत दीडपटीचेच. हिवाळ्यात जोडणी झाली तेव्हा दिवे चोख लागत. एप्रिलमध्ये, पत्र्याच्या छताखाली, दुपारच्या वेळी, जिथे दिवा बंद असायला हवा तिथे तो मंद उजळू लागला. तापमान वाढले की ट्रान्झिस्टर कमी व्होल्टांवर जागा होतो, दर अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्ट. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उंबरठा आपोआप झिजतो. खुंटी थोडी फिरवून आम्ही तो पूर्ववत केला. पण हा अनुभव म्हणजे उंबरठा-तर्क मागे का पडला, याचे उत्तरच होते.

ते उत्तर आकड्यांत मांडता येते. बाजारात मिळणारे सोनेरी पट्टीचे रोधक पाच टक्के इकडे-तिकडे असू शकतात. एक आणि दोन यांत निवड करायची असेल तर वाईटात वाईट स्थितीत १.०५ आणि १.९० यांत निवड करावी लागते; मध्ये भरपूर जागा आहे. पण दहा संदेशांचे गेट केले आणि उंबरठा दहा ठेवला, तर नऊ संदेश फुगून ९.४५ होऊ शकतात आणि दहा संदेश आक्रसून ९.५. दोघांमधले अंतर जवळजवळ नाहीसे होते. त्यामुळे मोठी उंबरठा-गेटे कागदावर सुंदर दिसली तरी प्रत्यक्षात अवघड ठरली. पॅरामेट्रॉन वेगात कमी पडला आणि त्याला वीजही पुष्कळ लागे. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर स्वस्त आणि भरवशाचे झाले, पुढे एका चकतीवर शेकडो बसू लागले आणि थोड्या गेटांत काम भागवण्याची गरज उरली नाही. साधी ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ गेटे जिंकली.

हा तांत्रिक इतिहास येथेच थांबवता आला असता. परंतु त्या नऊ आणि दहाच्या गणिताने आम्हाला यंत्राबाहेर नेले. आमच्यापैकी एकाचे नाव, दहावीनंतर, एका तंत्रशिक्षण संस्थेच्या पहिल्या प्रवेशयादीत एका गुणाने आले नाही. यादी गेटासारखीच बोलते: नाव आहे किंवा नाही. एका गुणाने राहिलेला आणि पन्नास गुणांनी राहिलेला, दोघेही तिच्या दृष्टीने शून्य. गेटाला निकाल सांगता येतो. किती कमी पडले, हे ते सांगत नाही. एकीची आई विड्या वळत असे. संध्याकाळी माल जमा करताना नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या किंचित बारीक होत्या की खरोखर वाईट होत्या, याचा हिशेब मिळत नसे. मोजमापात थोडीफार चूक असतेच, गुणपत्रिकेतही आणि तराजूतही. म्हणून जिथे अंतर बारीक आहे, तिथे ‘नाही’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी पुन्हा मोजावे, ही अभियंत्याची सवय माणसांच्या व्यवहारातही असावी, असे आम्हाला वाटते.

उंबरठ्यामागचा दुसरा प्रश्न वजनांचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी हा विरोधाभास देशापुढे ठेवला होता: राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य आपण देणार आहोत, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र ते समान मूल्य नाकारत राहणार आहोत. उंबरठा-गेट शिकलेल्या विद्यार्थ्याला हे विधान एका वेगळ्या नेमकेपणाने कळते. हात मोजले जातात हे पुरेसे नाही. कोणत्या हातामागे किती वजन लावले आहे, हे पाहावे लागते. आणि ते वजन, तो उंबरठा, संदेश येण्यापूर्वीच कोणीतरी ठरवून ठेवलेला असतो.

आजच्या विद्यार्थ्यांना हे समजणे अधिक निकडीचे झाले आहे. १९५८ च्या सुमारास फ्रँक रोझेनब्लाट या अमेरिकी संशोधकाने चुकांवरून स्वतःची वजने बदलणारे उंबरठा-घटकांचे ‘पर्सेप्ट्रॉन’ हे यंत्र मांडले. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्यातील जाळी त्याच घराण्यातली आहेत. फरक असा की, आमच्या पेटीतली वजने चार रोधकांवर बोट ठेवून दाखवता येतात, आणि त्या जाळ्यांत ती कोट्यवधी असतात. छायाचित्र ओळखणे, अर्ज चाळणे, कर्जदार निवडणे अशी कामे अशा यंत्रांकडे जात आहेत. उद्या आपल्या मुलांना कोणी ‘यंत्रानेच नाही म्हटले’ असे सांगितले, तर त्यांनी ते दैववाणीसारखे ऐकून घेऊ नये. कोणती माहिती आत गेली, कशाला किती वजन दिले आणि उंबरठा कोणी कितीवर ठेवला, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. ज्याने स्वतःच्या हाताने खुंटी फिरवून दिवा लागताना पाहिला आहे, त्याला हे प्रश्न सुचतात. पालक मेळाव्यातील त्या गृहस्थांना आमचे सविस्तर उत्तर हे आहे.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकण्याचा उंबरठा उंच होता, तो कोणीतरी जाणीवपूर्वक खाली आणला. त्यानंतरच्या काळात या भागात जी वसतिगृहे आणि निवासी विद्यालये उभी राहिली, त्यांनी तेच काम पुढे चालवले. आम्ही त्या रांगेतील चौथे घर. आमच्याकडे आलेला हातचा आम्ही पुढे पाठवत आहोत, एवढाच या पेटीचा अर्थ समजावा.

पेटीसोबत तिचा संपूर्ण नकाशा, रोधकांची मापे आणि सुटे भाग एका डब्यात ठेवले आहेत. ज्या विद्यार्थ्यांना पाचवे घर जोडून एकतीसपर्यंतच्या संख्या मिळवायच्या असतील, त्यांनी विज्ञान शिक्षकांकडून चावी मागून घ्यावी. नव्या घराला तीन ट्रान्झिस्टर लागतील. उन्हाळ्याच्या दुपारी खुंटी पुन्हा जुळवावी लागेल, हे ध्यानात असू द्यावे. शाळेच्या पुढील वाटचालीस आम्हा चौघांच्या मनःपूर्वक सदिच्छा.